निर्धास्त खाडी

एकदा एका वृद्ध तांडेलाने भर समुद्रात आपल्याच शिष्याची दोरी कापली. दोरीच्या टोकाला एक मोठी मुशी अडकलेली होती. शहरातली माणसे जिला शार्क म्हणतात, ती. गावाने तेवढी मोठी मुशी कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. होडीतले चौघे आनंदाने ओरडत असतानाच म्हाताऱ्याने कमरेची सुरी काढली आणि दोरी तोडून टाकली. त्या दिवशी गावातल्या प्रत्येकाला वाटले, की तांडेलाला म्हातारचळ लागला. त्याचा शिष्य तर इतका संतापला, की त्याने गुरूच्या अंगावर हात टाकला. हे असे का घडले, ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथे ते गाव होते. तांडेलाचे नाव सावळाराम. सगळे त्यांना अण्णा म्हणत. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख. पण अण्णांकडे माणसे येत, ती होडी हाकायला शिकण्यापुरती नव्हेत. पाण्याचा रंग कसा वाचावा, वारा फिरण्याआधी पक्षी काय करतात, कोणत्या महिन्यात कुठे जाळे टाकू नये, हे ते शिकवीत. त्यांचा सर्वांत हुशार शिष्य होता विश्राम. नाव विश्राम, पण त्याच्या स्वभावात विश्रांती नावालाही नव्हती. जेवताना एक पाय हलत असे, बोलताना नजर क्षितिजावर. एखादी गोष्ट ठरली की ती आजच झाली पाहिजे, असा त्याचा खाक्या.

त्या काळी खाडीच्या मुखाशी मुशी पुष्कळ असत. जाळ्यात अडकलेले मासे खायला त्या येत आणि माशांबरोबर जाळेही फाडून नेत. एका हंगामात विश्रामचे नवे जाळे तीनदा फाटले. तिसऱ्या वेळी तो ते फाटके जाळे खांद्यावर टाकून थेट अण्णांच्या अंगणात आला आणि त्यांच्यापुढे आपटून म्हणाला, "अण्णा, एक तर मुशी राहतील, नाही तर आम्ही."

अण्णा जाळ्याची भोके पाहत बसले. मग म्हणाले, "मुशी फिरते तिथं मासा असतो, विश्राम."

"मासा असतो, पण आमच्या हाती लागतो कुठं?"



त्याच सुमारास शहरातून एक व्यापारी आला. त्याला मुशीचे पर, म्हणजे पाठीवरचे आणि बाजूचे पंख, हवे होते. दूरच्या देशांत त्यांना मोठी मागणी होती. मांसही तो घेणार होता, यकृताचे तेलही. त्याने गावाला लांबच लांब दोऱ्या दिल्या, त्यांना लावायला पोलादी गळ दिले. देवळासमोर गाव जमले. विश्राम उठून बोलला, आणि तो बोलायला लागला की लोक त्याच्याबरोबर वाहत जात. अण्णा मागे खांबाला टेकून बसले होते. कोणीतरी विचारले, "अण्णा, तुमचं काय म्हणणं?" ते म्हणाले, "मला बरं वाटत नाही हे." पुढे ते आणखी काही बोलतील म्हणून लोक क्षणभर थांबले. ते बोलले नाहीत. सभा पुढे सरकली.

पाच वर्षे विश्रामने ती मोहीम चालवली. त्याच्यासारखा मुशी पकडणारा त्या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही. कुठे गळ टाकावा, हे त्याला अण्णांनीच शिकवलेल्या विद्येमुळे कळत होते. पहिल्या वर्षी वाळूवर मुशींच्या रांगा लागत. तिसऱ्या वर्षी आठवड्याला एखादी मिळे. पाचव्या वर्षी एकही नाही. व्यापारी दोऱ्या तिथेच ठेवून दुसरीकडे गेला.

आणि खाडी निर्धास्त झाली. जाळी अखंड परत येऊ लागली. मुले दुपारभर पाण्यात डुंबू लागली. बायका ओहोटीला तिसऱ्या, म्हणजे वाळूत रुतून राहणारे छोटे शिंपले, काढायला जात, तेव्हा पूर्वी गुडघाभर पाण्यापलीकडे पाऊल टाकत नसत. आता त्या मांडीभर पाण्यात बिनघोर उभ्या राहून वाळू चाळू लागल्या. विश्रामची बायको शेवंती त्यांतलीच एक. ती एकदा हसून म्हणाली, "अहो, आता पाण्यात मागं वळून बघायची सवयच मोडली." विश्रामला त्या दिवशी फार कृतार्थ वाटले.

पुरुषांच्या दृष्टीने तिसऱ्या काढणे हे किरकोळ काम होते. पण पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या की चुलीवर जे शिजे, ते बायकांच्या टोपलीतूनच येई. गावातले कोणतेही घर आषाढ-श्रावणात तिसऱ्यांच्या कालवणावाचून निभावले नव्हते.

पुढे दोन वर्षांनी शेवंतीला वाळूत खड्डे दिसू लागले. ताटाएवढे गोल, उथळ खड्डे, आणि त्यांच्या कडेला फुटलेल्या शिंपल्यांचा चुरा. तिने विश्रामला दाखवले. त्याने पाहिले आणि म्हणाला, "कुत्री उकरत असतील." पण भरती चढत असताना एकदा त्यानेच पाहिले: पाण्याखालून पाकटांचा थवा येत होता. पाकट हा चपटा मासा, पंख पसरल्यासारखा पोहतो, आणि त्याच्या शेपटीवर विषारी काटा असतो. पूर्वी पाकटे या उथळ पाण्यात एखाददुसरीच यायची, पटकन काही टिपायची आणि निघून जायची. आता ती सावकाश येत होती, शेतात गुरे शिरावीत तशी. येऊन वाळू उकरत होती आणि भरती उतरेपर्यंत हलत नव्हती.

टोपल्या अर्ध्या भरू लागल्या. पुढच्या वर्षी तळ झाकण्यापुरत्या. बायका पहाटेच निघून दूरच्या वाळूपर्यंत जाऊ लागल्या, कमरेएवढ्या पाण्यात. घरात चिडचिड वाढली. बायका एकमेकींशी जागेवरून भांडू लागल्या, जे त्या गावात कधी झाले नव्हते.

एका सकाळी किनाऱ्यावरून हाका आल्या. विश्राम जाळे टाकून धावला. कमरेएवढ्या पाण्यात शेवंतीचा पाय एका पाकटावर पडला होता. काटा घोट्याच्या वर आरपार घुसला होता. त्याने तिला पाठीवर घेतले आणि तसाच पळत सुटला. ती ओरडत नव्हती. दात आवळून एवढेच म्हणत होती, "टोपली राहिली हो. कुणाला तरी टोपली आणायला सांगा." तालुक्याच्या दवाखान्यात तिचा जीव वाचला. पण जखम चिघळत गेली, आणि दोन महिन्यांनी ती उठली तेव्हा तिचा डावा पाय वाकडा पडत होता. लंगडत लंगडत ती उंबऱ्यापर्यंत आली आणि खाडीकडे बघत उभी राहिली. विश्रामला ते पाहवले नाही.

आता त्याला दुसरे काही सुचेना. झोप उडाली, अन्न गोड लागेना. माळ्यावर पडलेल्या व्यापाऱ्याच्या दोऱ्या त्याने खाली काढल्या, गळ घासून लखलखीत केले. घरोघर फिरून तो सांगू लागला, "जशा मुशी संपवल्या, तशी पाकटं संपवू. एक हंगाम. एकही शिल्लक ठेवायचं नाही." गाव तयारच होते. व्यापाऱ्याला निरोप गेला, तोही आला.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी विश्राम अण्णांच्या पाया पडायला गेला. इतक्या वर्षांत दोघांचे बोलणे कमी झाले होते, पण ती रीत त्याने सोडली नव्हती. अण्णा म्हणाले, "मला होडीत घेशील?"

"तुम्ही? या वयात?"

"बसेन एका कडेला. तुझ्या आड येणार नाही."

तो शब्द त्यांनी पाळला नाही.

सकाळी ऊन नुकतेच पाण्यावर आले होते. खाडीच्या मुखाशी टाकलेली दोरी ओढायला सुरुवात झाली, आणि दोरीला असा हिसका बसला की पुढे बसलेला गडी पडता पडता वाचला. चौघांनी मिळून दोरी ओढली. पाणी फाटले, आणि करडी, रुंद पाठ वर आली. मुशी! कित्येक वर्षांनी मुशी! तिचे पोट दोन्ही बाजूंनी फुगलेले होते. व्यापारी दुसऱ्या होडीत उभा राहून हात हलवत होता. विश्रामचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

"होडीला लावून घे तिला," अण्णा म्हणाले. "अगदी जवळ."

विश्रामला वाटले, म्हाताऱ्यालाही जुना जोश आला. त्याने मुशी काठाशी ओढली. अण्णा वाकले. त्यांचा हात पाण्यात गेला, आणि तिच्यामागे लांब दोरी राहू नये म्हणून मुशीच्या जबड्यापासून वीतभर अंतरावर त्यांनी दोरीवर सुरी चालवली.

"अण्णा!" विश्रामने त्यांचे मनगट धरले. ओढाताणीत सुरी अण्णांच्याच तळहातात रुतली. रक्त होडीत सांडले. तोवर दोरीचा शेवटचा पीळ तुटला होता. मुशीने एकदा शेपटी मारली, सगळ्यांना भिजवले आणि ती खोल पाण्यात गेली.

"काय केलंत हे?" विश्राम ओरडला. "माझी बायको लंगडी झाली. घरात काय शिजतंय, तुम्हाला माहीत आहे? आणि तुम्ही हातची मुशी सोडता?"

अण्णांनी धोतराचा काठ हाताला गुंडाळला. "किनाऱ्याला घे," एवढेच ते म्हणाले.

त्या दिवशी मोहीम थांबली. लोकांनी अण्णांना वाटेल ते ऐकवले. विश्राम घरी गेला, पण बसू शकला नाही. अंगणात येरझाऱ्या घालू लागला. गुरूच्या तळहातातून सांडलेले रक्त त्याच्या डोळ्यांपुढून जाईना, आणि रागही जाईना. शेवटी शेवंतीच म्हणाली, "तुम्ही जाऊन विचारा त्यांना. नाही तर मी जाते." आणि ती खरोखरच काठी घेऊन उठली. तेव्हा दोघेही गेले.

अण्णा ओहोटीच्या वाळूवर, त्या गोल खड्ड्यांच्या मधोमध उभे होते. हाताला फडके बांधलेले. शेवंतीला पाहून ते पुढे आले, तिला एका खडकावर बसवले. मग विश्रामकडे वळले.

"तू किती मुशी कापल्यास, त्याचा हिशेब मला नको. मला एक सांग. त्यांचा जबडा तू स्वतः कापायचास ना? त्यात काय सापडायचं?"

विश्रामला प्रश्न कळला नाही. "दात. गळ. कधी जाळ्याचे तुकडे."

"अजून?"

तो हळूच म्हणाला, "काटे."

"कसले?"

त्याच्या डोळ्यांपुढे ते जबडे आले. हिरड्यांत रुतलेले, तुटलेले, दातेरी काटे. एकेका मुशीच्या तोंडात पाच-पाच, सहा-सहा. ते हाताला टोचू नयेत म्हणून तो पकडीने उपटून बाजूला फेकत असे. तसाच एक काटा दवाखान्यात डॉक्टरांनी शेवंतीच्या पायातून काढून त्याला दाखवला होता, तरीही त्याच्या ध्यानात आले नव्हते.

"पाकटांचे," तो म्हणाला.

अण्णांनी मान हलवली. "मुशी पाकटं खाते. पण ती किती खात असेल? रोज थोडीच? दोन-चार दिवसांत एखादं. खाण्यापेक्षा तिचं फिरणं मोठं होतं, विश्राम. ती मुखाशी फिरत असे, म्हणून पाकट उथळ पाण्यात आलं तरी त्याचं चित्त थाऱ्यावर नसे. दोन घास घ्यायचे आणि पळायचं. त्या पळापळीत तिसऱ्या वाचायच्या, वाढायच्या, आपल्या चुलीपर्यंत यायच्या. आपण खाडीतली भीती काढून टाकली. आपल्याला वाटलं, ती फक्त आपल्याच मनातली भीती होती."

वाळूवर वारा सुटला होता. शेवंती काठी धरून ऐकत होती.

"आज तू पाकटं संपवशील," अण्णा पुढे म्हणाले. "संपवू शकशील, तेवढी विद्या तुझ्यापाशी आहे. पाकट शिंपल्यांबरोबर आणखी काय खातं? खेकडे खातं. शिंपल्याला भोक पाडून आतला जीव शोषणारे शंख खातं. पाकट गेलं की ते माजतील. मग तू त्यांच्या मागं लागशील. असं एकेक काढत गेलास, तर शेवटी या पाण्यात काढायला काही उरणार नाही. आणि तुझा हात तर थांबलेला नसेल."

विश्रामने वर पाहिले. त्याच्या आवाजात आता राग नव्हता, पण शांतताही नव्हती. "हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

हा प्रश्न अण्णांना लागला असावा.

"माहीत होतं. निम्मं माहीत होतं, निम्मं वाटत होतं. पण जाळी माझीही फाटली होती रे. देवळापुढं मला विचारलं, तेव्हा 'बरं वाटत नाही' एवढं म्हणून मी खाली बसलो. माझ्या माणसांना नकोसं होईल असं बोलायचं धैर्य झालं नाही. तू गळ टाकलेस, आणि मी तोंड मिटलं. या पोरीच्या पायाच्या दशेला आपल्या दोघांचाही हात लागला आहे."

शेवंती म्हणाली, "अण्णा, त्या मुशीचं पोट फुगलेलं होतं म्हणे. गाभण होती ना?"

"होती. पिल्लं घालायलाच त्या या मुखाशी येतात. दहा-बारा पिल्लं होतील. त्यांतली दोन-तीन जगली, तर त्यांना मोठं व्हायला दहा-बारा वर्षं लागतील."

"दहा-बारा वर्षं?" विश्रामच्या तोंडून निघून गेले. आजची गोष्ट आजच व्हावी अशा स्वभावाच्या माणसाला तो काळ म्हणजे शिक्षाच होती.

"तू पाच वर्षांत मोडलंस," अण्णा म्हणाले. "जुळायला जास्त लागतं."

दुसऱ्या दिवशी विश्रामने देवळापुढे गाव जमवले. त्याने उपदेश केला नाही. जबड्यातल्या काट्यांची गोष्ट सांगितली आणि म्हणाला, "पुढे मी होतो. चूक माझी." लोक उसळले. एक जण ओरडला, "तुझ्याच बायकोला पाकटानं लोळवलं, आणि तू पाकटांची बाजू घेतोस?" तेव्हा बायकांच्या घोळक्यातून शेवंती पुढे आली.

"पाय माझा गेलाय," ती म्हणाली. "राग धरायचा तर मी धरीन. पण पाकटं आपल्या वाळूत का बसली, ते आता मला कळलंय. खायला लागतील तेवढी पाकटं धरा, आपले वाडवडील धरत होतेच. पण मुशीला हात लावू नका. भर उन्हाळ्यात, त्या पिल्लं घालतात तेव्हा, मुखाशी गळ टाकू नका. आम्ही बायका वाळूत बांबूचे खुंट दाट रोवतो, पाकटांना बसता येणार नाही असे. थोड्या तरी तिसऱ्या राहतील."

सगळे पटले, असे नाही. निम्म्या गावाने हो म्हटले. काही जण हसत उठून गेले. व्यापारी पुढच्या गावाला गेला, आणि तिथे त्याला गळ टाकणारे मिळाले, अशी बातमी चार दिवसांत आली. विश्राम त्या गावीही गेला. ओळखपाळख नसलेल्या माणसांपुढे उभे राहून त्याने तीच गोष्ट पुन्हा सांगितली. त्यांनी त्याला हाकलले. महिन्याने तो पुन्हा गेला. या वेळी दोन म्हातारे त्याचे ऐकायला थांबले.

पावसाळ्यापूर्वीच्या एका ओहोटीला विश्राम बायकांबरोबर खुंट रोवत होता. शेवंती वाकून वाळू चाळत होती. तिच्या हाती सात-आठ तिसऱ्या आल्या, नखाएवढ्या. तिने त्या तळहातावर ठेवल्या, जरा वेळ पाहिल्या आणि एकेक करून पुन्हा वाळूत खोचल्या.

"आपल्या डोळ्यांदेखत होईल का हो, पूर्वीसारखं?" तिने विचारले.

"सांगता येत नाही," विश्राम म्हणाला. आणि आयुष्यात प्रथमच त्याला कसलीच घाई वाटली नाही. त्याने पुढचा खुंट उचलला, तो सरळ आहे ना ते पाहिले आणि वाळूत ठोकला.

आपल्याला ज्याचा धाक वाटतो ते नाहीसे करण्यापूर्वी एवढेच विचारावे: त्याचा धाक आणखी कुणाकुणाला होता?